सर्व्हिसिंगचं बिल अचानक फुगलं तर: टू-व्हीलरवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी गाडी टाकताना "हजार-अकराशे होतील" म्हणतात आणि संध्याकाळी तीन हजारांचं बिल पुढे ठेवतात. कंपनीचं सर्व्हिस सेंटर असो की कोपऱ्यावरचं गॅरेज, हा अनुभव महाराष्ट्रात आणि गोव्यात सारखाच येतो. वाढीव काम कधी खरंच लागलेलं असतं, कधी नसतं. हे कसं ओळखायचं, काउंटरवर काय बोलायचं, कागदावर काय लिहून घ्यायचं आणि तरीही जमलं नाही तर कुठे जायचं, याची उत्तरं खाली आहेत.

गाडी घ्यायला आलोय आणि बिल दुप्पट झालंय. आत्ता, इथे उभं राहून काय करू?

लगेच पैसे देऊ नका आणि आवाजही चढवू नका. आधी बिलाची छापील प्रत मागा. एकूण रक्कम नको. प्रत्येक पार्ट, त्याचा नंबर, नग, दर, मजुरी आणि कर वेगवेगळे दाखवणारी प्रत हवी. तिच्याशेजारी सकाळचं जॉब कार्ड (गाडी टाकताना कामं लिहून सही घेतलेला कागद) ठेवा. जॉब कार्डावर जे काम लिहिलेलं आहे त्यावर टिक करा आणि जे नाही त्याला गोल करा. तुमचा वाद फक्त या गोल केलेल्या ओळींपुरता आहे, हे काउंटरवर तुमची गाडी पाहणाऱ्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरलाही सांगा.

मग प्रत्येक गोलावर तीनच प्रश्न विचारा. हे काम कोणी मंजूर केलं? जुना पार्ट कुठे आहे? का बदलला, म्हणजे काय खराब होतं? "सगळ्यांनाच करतो" हे उत्तर असेल तर ती ओळ काढायला सांगा. बहुतेक ठिकाणी दोन-तीन ओळी इथेच निघतात, कारण अ‍ॅडव्हायझरला मजुरी आणि जादाच्या कामांवर सूट द्यायची मुभा असते. बसवलेला पार्ट काढून घेणं त्यांना नको असतं, म्हणून पार्टपेक्षा मजुरीवर बोलणं लवकर जमतं.

पैसे देण्याआधी गाडी चालवून बघा. ब्रेक, हॉर्न, इंडिकेटर, सेल्फ, मीटरवरचं किलोमीटर सगळं पाहा. एकदा पैसे दिले की त्याच दिवशी परत जाण्याचा कंटाळा येतो.

न विचारता केलेल्या कामाचे पैसे द्यावेच लागतात का?

तुम्ही सांगितलेलं काम आणि मान्य केलेली रक्कम हा तुमचा करार. त्याबाहेरचं काम गॅरेजने स्वतःच्या मनाने केलं तर त्याचे पैसे आपोआप देय होत नाहीत. मात्र जॉब कार्डावरचा बारीक मजकूर वाचा. "आवश्यक वाटल्यास अतिरिक्त काम करण्यास संमती" अशी ओळ अनेक सेंटरच्या कार्डावर छापलेली असते आणि तिच्याखाली तुमची सही असते. ती ओळ सही करण्याआधी पेनाने खोडा आणि बाजूला "फोन करून विचारल्याशिवाय नाही" असं लिहा. असं लिहिलेलं असताना काम केलं तर तुमची बाजू भक्कम राहते.

फोनवर "हो, करून टाका" म्हटलं असेल तर ती मंजुरीच. म्हणून फोन आला की आकडा विचारा: पार्ट किती, मजुरी किती, कर धरून एकूण किती. मग "व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, मी तिथे हो म्हणतो" असं सांगा. या एका सवयीने जेवढे वाद टळतात तेवढे कुठल्याही कायद्याने टळत नाहीत.

पूर्ण पैसे दिल्याशिवाय गाडी सोडणार नाही म्हणतात. असं अडवता येतं?

काही प्रमाणात येतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार ज्याने वस्तूवर कष्ट किंवा कौशल्याचं काम केलं, त्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःकडे ठेवता येते. दुरुस्तीला दिलेली गाडी यात येते. पण हा हक्क ठरलेल्या कामाच्या मोबदल्यापुरता आहे. जुनी उधारी किंवा न विचारता लावलेला पार्ट यांसाठी गाडी अडवून ठेवायला हे कलम आधार देत नाही.

व्यवहारात मात्र गाडी त्यांच्या शटरच्या आत आणि तुम्ही बाहेर असता. रोज ऑफिसला जायला गाडी लागते. अशा वेळी मान्य असलेली रक्कम लगेच द्यायची तयारी दाखवा. तेवढ्यावर सोडत नसतील तर पूर्ण रक्कम यूपीआय किंवा कार्डाने भरा आणि बिलाच्या दोन्ही प्रतींवर हे लिहा: "ओळ क्र. ६, ९ व १० मला मान्य नाहीत. गाडी ताब्यात मिळावी म्हणून हरकत नोंदवून पैसे भरत आहे." खाली तारीख, वेळ, सही. त्यांच्या प्रतीवर लिहू देत नसतील तर तोच मजकूर काउंटरवर असतानाच त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर पाठवा. नंतर तक्रार केली तर "ग्राहकाने राजीखुशीने पैसे दिले" हा बचाव टिकत नाही.

दुसरी किल्ली आणून गाडी काढून नेण्याचा विचार करू नका. वाद पैशांचा असतो, तो उगाच चोरी-दांडगाईचा होतो. उलट, पूर्ण पैसे भरूनही गाडी देत नसतील तर पावती घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा.

बिलातली कुठली ओळ खरी, कुठली जादाची, हे कसं वाचायचं?

एक नमुना घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, पण रचना अगदी नेहमीची आहे. चार वर्षं वापरलेली बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांची) स्कूटर. तोंडी अंदाज अकराशेचा. बिल असं:

सर्व्हिस मजुरी ४००, इंजिन ऑइल ३८०, गिअर ऑइल ९०, एअर फिल्टर २६०, प्लग ११०, ड्राइव्ह बेल्ट ६२०, रोलर सेट २१०, बेल्ट खोलण्याची मजुरी २५०, कार्ब्युरेटर क्लीनिंग १५०, ऑइल अ‍ॅडिटिव्ह १९०, कन्झ्युमेबल्स (ग्रीस, कापड असं किरकोळ सामान) ८०. बेरीज २,७४०. त्यावर १८ टक्के जीएसटी ४९३. एकूण ३,२३३ रुपये.

आता वाचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि जवळपास सगळ्या स्कूटर फ्युएल इंजेक्शनवर (इंजिनात पेट्रोल मोजून फवारण्याच्या पद्धतीवर) गेल्या. या गाडीला कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा पार्ट) मुळात नाहीच, मग त्याची सफाई कसली? कॉम्प्युटरमधल्या जुन्या पॅकेजमधून ती ओळ तशीच उतरते. बिलातून करासह १७७ रुपये वजा. अ‍ॅडिटिव्ह म्हणजे ऑइलमध्ये मिसळायचं जादाचं रसायन, ते कोणी मागितलं नव्हतं. ते १९० रुपयेही वजा. पार्ट आणि ऑइलचे दर जर पाकिटावरच्या एमआरपीचेच असतील, तर त्यात कर आधीच धरलेला आहे. पार्ट, ऑइल आणि अ‍ॅडिटिव्ह मिळून होणाऱ्या १,८६० रुपयांवर पुन्हा लावलेले ३३५ रुपये चुकीचे. (यातले ३४ रुपये अ‍ॅडिटिव्हवरचेच.) एवढं काढलं तर बिल साधारण २,५३१ वर येतं, म्हणजे सातशे रुपये कमी.

उरला बेल्ट-रोलरचा खर्च. तो खरा आहे की नाही, हे जुना बेल्ट हातात घेतल्याशिवाय ठरवता येत नाही.

एमआरपीवर जीएसटी लावता येतो का?

नाही. एमआरपी म्हणजे सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत. सीलबंद पाकिटातल्या पार्टवर २३६ रुपये छापले असतील तर बिलात तो २०० अधिक ३६ कर असा दिसायला हवा. २३६ अधिक ४२ असा दिसला तर ते एमआरपीपेक्षा जास्त घेणं झालं आणि त्याची तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे (वजन-मापं आणि छापील किंमत तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे) करता येते. पाकिटाचा फोटो आणि बिल एवढा पुरावा पुरतो. म्हणून पार्टचं रिकामं पाकीट मागून घ्या, निदान एमआरपीच्या बाजूचा फोटो तरी काढा.

मजुरीला एमआरपी नसते. तिच्यावर १८ टक्के कर वेगळा लागतो, ते बरोबर आहे. मजुरीचा दर कायद्याने ठरलेला नाही, पण कंपनीच्या सेंटरमध्ये प्रत्येक कामाचा दर ठरलेला असतो. दरपत्रक दाखवा म्हणायला संकोच करू नका.

गॅरेजवाल्याकडे जीएसटी नंबर नाही. तरी कर लावला. चालतं का?

नोंदणी नसलेल्याला जीएसटी वसूल करता येत नाही. सेवा देणाऱ्यांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर आपल्याकडे सहसा नोंदणी लागत नाही, त्यामुळे लहान गॅरेजला नंबर नसणं गैर नाही. पण मग बिलात कराची ओळही नको. कंपोझिशन योजनेतल्या (लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतल्या) दुकानदारालाही ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि तसं त्याच्या बिलावर छापलेलं असावं लागतं. नंबर खरा आहे का ते जीएसटीच्या पोर्टलवर पाहता येतं. तो १५ अक्षर-अंकांचा असतो. महाराष्ट्रातला २७ ने आणि गोव्यातला ३० ने सुरू होतो.

"बिल नको, कर वाचेल" ही ऑफर महाग पडते. आठ दिवसांनी तोच बिघाड आला तर काम तिथे केलं होतं हे दाखवायला हातात काहीच नसतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, मग गॅरेज कितीही लहान असो. साध्या वहीच्या पानावर तारीख, गाडी नंबर, काम आणि रक्कम लिहून सही घेतली तरी चालतं.

"खोलल्यावर कळलं" हे खरं असतं की बहाणा?

दोन्ही असतं, आणि मिस्त्रीवर सरसकट संशय घेणं बरोबर नाही. काही पार्ट न खोलता दिसतच नाहीत. स्कूटरचा बेल्ट, रोलर आणि क्लच शू कव्हरच्या आत असतात. क्लच प्लेट किती जळल्या ते इंजिनचं कव्हर काढल्यावरच कळतं. चाकाचं बेअरिंग, हब रबर, मागच्या ड्रमचे ब्रेक शू चाक काढल्यावर हाताला येतात. सायलेन्सर काढताना गंजलेला स्टड तुटणं यात कोणाचीच चूक नसते.

पण हेडलाइटचा बल्ब, केबल, टायर, चेन-स्प्रॉकेट, फोर्क सीलची गळती, आरसा, फूटरेस्टचं रबर हे सगळं गाडी टाकताना उभ्या-उभ्या दिसतं. यासाठी "खोलल्यावर कळलं" म्हणत असतील तर सकाळी गाडी कोणी नीट पाहिलीच नाही.

खोलून तपासण्याची मजुरी मागणं रास्त आहे. पुढचं काम तुम्ही तिथे केलं नाही तरी ती द्यावी. फक्त तिचा आकडा आधी ठरवा.

पार्ट खरंच संपला होता का, हे मला कसं कळणार?

पाच-सहा पार्ट ओळखता आले तरी बिलातली मोठी रक्कम तपासता येते.

ड्रम ब्रेकच्या मागच्या पत्र्यावर, ब्रेकच्या लिव्हरजवळ, बऱ्याच गाड्यांना एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला टेकला की शू संपले. अजून अंतर असेल तर आयुष्य शिल्लक आहे. नट फिरवून सेटिंग करणं पुरेसं असतं. डिस्क पॅडमध्ये मधोमध खाच असते. खाच दिसेनाशी झाली की बदलायचे. पॅड लोखंडापर्यंत घासू दिले तर डिस्कवर चर पडते आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो, म्हणून इथे वेळेवर बदलणंच स्वस्त.

चेन मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चिमटीत धरून बाहेर ओढा. अर्धा दात उघडा पडत असेल तर चेन ताणली गेली आहे. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले असतील तर पूर्ण चेनकिटच बदलावं लागतं. नुसती चेन बदलली तर जुने दात नव्या चेनला लवकर खातात, त्यामुळे "सेटच लागेल" हे मिस्त्रीचं म्हणणं इथे खरं असतं.

बेल्ट उलटा वाकवून दातांमधल्या खोबणीत पाहा. तिथे भेगा असतील, कडा चकचकीत झाल्या असतील किंवा धागे सुटले असतील तर तो गेला. नक्की ठरवायला व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) रुंदी मोजतात आणि कंपनीच्या मर्यादेशी ताडतात. बऱ्याच स्कूटरच्या पुस्तिकेत साधारण २० ते २५ हजार किलोमीटरनंतर बेल्ट बदलायला सांगितलेला असतो, मग तो वरून चांगला दिसला तरी. तुटला की गाडी जागच्या जागी थांबते. रोलर गोल असावेत. एका बाजूने चपटे झाले असतील तर सुटताना गाडी झटके मारते.

क्लच प्लेट घसरतात का, हे चालवताना कळतं. वरच्या गिअरमध्ये चढावर थ्रॉटल दिलं की इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही. हे लक्षण नसताना "क्लच प्लेट गेल्यात" सांगत असतील तर आधी केबलचं सेटिंग तपासायला सांगा. ताणून बसवलेली क्लच केबल चांगल्या प्लेटही जाळते, आणि नव्या प्लेट टाकून केबल तशीच ठेवली तर त्याही टिकत नाहीत.

एअर फिल्टरच्या बाबतीत सावध राहा. अनेक स्कूटरना तेलकट कागदाचा फिल्टर असतो. तो हवा मारून साफ करायचा नसतो, ठरलेल्या किलोमीटरला बदलायचाच असतो. फोमचा फिल्टर मात्र धुऊन पुन्हा वापरता येतो. आपल्या गाडीचा कुठला, ते सोबत मिळालेल्या पुस्तिकेत पाहा.

बॅटरी बदला म्हणतात. विश्वास ठेवू?

आधी मल्टिमीटर लावायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. इंजिन बंद, गाडी काही तास उभी असताना चांगली बॅटरी साधारण १२.४ ते १२.८ व्होल्ट दाखवते. सेल्फ दाबताना आकडा १० च्या बराच खाली कोसळत असेल तर बॅटरी कमकुवत आहे. मग इंजिन चालू करून थोडं थ्रॉटल देऊन पाहा: १३.५ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवं. तेवढं येत नसेल तर दोष चार्जिंगमध्ये आहे, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर किंवा कॉइल. तो दोष ठेवून नवी बॅटरी टाकली तर तीही काही आठवड्यांत उतरते आणि दुसऱ्यांदा खर्च होतो. आकडा १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बॅटरीला जास्त चार्ज करून मारतोय.

बॅटरीची वॉरंटी बहुतेकदा बॅटरी कंपनीची असते. खरेदीच्या तारखेचा शिक्का असलेलं कार्ड शोधा. बदली मोफत मिळते की किमतीत फक्त सूट, हे त्यावरच्या महिन्यांवर ठरतं.

इंजिन फ्लश, डिकार्ब, टेफ्लॉन कोटिंग, अँटी-रस्ट: यातलं काय लागतं?

नियमित सर्व्हिसिंग होणाऱ्या गाडीला बहुतेक वेळा यातलं काहीच लागत नाही. कंपनीच्या पुस्तिकेतल्या तक्त्यात यांचा उल्लेख आहे का पाहा. नसेल तर "पुस्तिकेत नाही, नको" एवढं बोलणं पुरे. कोकणात, मुंबईत, गोव्यात खाऱ्या हवेमुळे खालचा भाग गंजतो, तिथे पावसाळ्याआधी अँटी-रस्ट करून घेण्यात अर्थ आहे. चेन असलेल्या मोटारसायकलला चेन ल्यूब लागतंच, पण त्याचा डबा स्वतः घेतला तर वर्षभर पुरतो.

ऑइलचंही पाहा. लहान स्कूटरला ७०० ते ८०० मिली लागतं, १०० ते १२५ सीसीच्या मोटारसायकलला एक लिटरच्या आतबाहेर, साडेतीनशे सीसीच्या गाडीला दोन लिटरच्या आसपास. स्कूटरमध्ये ७०० टाकून पूर्ण लिटरचा डबा बिलात असेल तर उरलेलं ऑइल तुमचं आहे. ते मागून घ्या, पुढच्या वेळी टॉप-अपला येतं. मोटारसायकलच्या ऑइलवर जासो (टू-व्हीलर ऑइलचं मानक) एमए किंवा एमए-२ असावं. स्कूटरचं एमबी ऑइल मोटारसायकलमध्ये टाकलं तर ओल्या (ऑइलमध्ये बुडालेल्या) क्लचच्या प्लेट घसरतात आणि मग न लागणारं क्लचचं काम निघतं.

फ्री सर्व्हिसला आठशे रुपये कसे झाले?

फ्री असते ती मजुरी. ऑइल, फिल्टर, ग्रीस, झिजणारे पार्ट यांचे पैसे पडतात. पण त्याच बिलात "जनरल सर्व्हिस मजुरी" दिसली तर ती काढायला लावा. पहिल्या सर्व्हिसला ऑइल बदलणं आवश्यक आहे, त्यात कंजुषी नको; नव्या इंजिनातले लोखंडाचे बारीक कण त्याच ऑइलबरोबर बाहेर पडतात. पॉलिश आणि कोटिंग मात्र पूर्णपणे तुमच्या मर्जीवर.

वॉरंटीत असून पैसे घेतले. कारण "वेअर अँड टेअर".

ब्रेक शू, क्लच प्लेट, केबल, बल्ब, प्लग, फिल्टर, चेनकिट, रबरचे पार्ट हे बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत नसतात. इंजिनमधून ऑइल गळणं, गिअर अडकणं, मीटर किंवा ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) बंद पडणं, शॉकअपची अवेळी गळती ही वॉरंटीची कामं. नाकारलं तर कारण लेखी मागा. "वॉरंटी नाकारली, कारण अमुक" हे लिहून द्यायची वेळ आली की अनेकदा पार्ट कंपनीकडे पाठवला जातो. तोंडी नकारावर पैसे भरून मोकळे होऊ नका. सेंटर ऐकत नसेल तर कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार नोंदवा आणि तिकीट नंबर घ्या. त्यानंतर कंपनीच्या विभागीय सर्व्हिस अधिकाऱ्याचा फोन येतो आणि सेंटरचा सूर बदलतो.

एकच बिघाड तीन वेळा केला, तीनही वेळा पैसे. असं का?

कारण लक्षण बदललं, मूळ कारण तसंच राहिलं. प्लग काळा पडतो म्हणून प्लग बदलतात, पण फिल्टर तुंबलेला किंवा पिस्टन रिंग झिजलेली असते. फ्यूज उडतो म्हणून जाड फ्यूज टाकतात आणि हँडलजवळ घासलेली वायर तशीच राहते (हे धोक्याचं आहे, वायरिंग पेट घेऊ शकतं). फोर्क सील बदलतात, पण पाइपवरचा गंज नवी सील पुन्हा फाडतो.

दुसऱ्यांदा जाताना पहिलं बिल घेऊन जा आणि जॉब कार्डावर "तोच दोष पुन्हा, आधीचं बिल क्रमांक अमुक" असं लिहायला लावा. आधी बसवलेला पार्टच सदोष निघाला किंवा चुकीचा बसवला असेल तर त्याची मजुरी पुन्हा देण्याचं कारण नाही. वेगळा पार्ट लागला तर त्याची किंमत द्या, चुकलेल्या निदानाची मजुरी नको म्हणा.

जुने पार्ट मागितले तर मिस्त्री नाराज होतो. मागू का?

मागा, पण गाडी टाकतानाच. "जुने पार्ट पिशवीत घालून ठेवा" हे कार्डावर लिहिलं की पार्ट बदलला नसताना बिलात येण्याचा प्रश्नच मिटतो. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीकडे परत जातो, तो तुम्हाला मिळणार नाही. बॅटरी एक्स्चेंजमध्ये दिली तर तिचे पैसे बिलातून वजा झाले का पाहा. परत मिळालेला पार्ट भंगारातला, दुसऱ्याच गाडीचा असू शकतो, म्हणून शंका असेल तर आधी मार्करने खूण करून ठेवा.

ओरिजनलचे पैसे घेऊन लोकल पार्ट टाकला असेल तर?

ओरिजनल पार्ट सीलबंद पाकिटात येतो. त्यावर पार्ट नंबर, एमआरपी, पॅकिंगचा महिना-वर्ष असतं, बऱ्याच कंपन्यांचा होलोग्राम किंवा क्यूआर कोडही. बिलावरचा पार्ट नंबर आणि पाकिटावरचा नंबर जुळवा. चांगल्या ब्रँडचा बाहेरचा पार्ट वापरण्यात गैर काही नाही, पुण्यात नाना पेठेत असे पार्ट सर्रास मिळतात आणि कित्येक टिकतातही. पण मग बिलात तेच नाव आणि तोच दर हवा. ब्रेक, बेअरिंग आणि केबलमध्ये मात्र स्वस्ताच्या मागे लागू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

अपघाताचा क्लेम कॅशलेस होता, तरी माझ्याकडून साडेचार हजार घेतले.

साध्या पॉलिसीत पार्टचा घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापला जातो. रबर, प्लास्टिक, नायलॉन, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरवर ३० टक्के, काचेवर शून्य. लोखंडी पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे: सहा महिन्यांच्या आत शून्य, एक वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० टक्के. स्कूटरचं अर्धं अंग प्लास्टिकचं असल्याने तुमचा वाटा मोठा येतो. झिरो डेप पॉलिसीत ही कपात टळते. सर्व्हेअर (विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणारा) पाहून जाईपर्यंत गाडी खोलू देऊ नका आणि नंतर सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. त्यात मंजूर झालेला पार्ट बिलात तुमच्या नावावर टाकलेला आढळला तर तिथेच थांबवता येतं.

पावसात बुडालेल्या गाडीबद्दल एकच: सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ऑइल बदलण्याच्या खर्चात सुटणारं काम इंजिन खोलण्यावर जातं. शिवाय पाण्यात असताना सुरू केल्याने झालेलं इंजिनचं नुकसान साधी पॉलिसी सहसा देत नाही.

पुढच्या वेळी गाडी टाकताना नेमकं काय लिहून घ्यायचं?

अ‍ॅडव्हायझर जे टाइप करतो ते वाचा. "जनरल चेकअप" हे काम नव्हे. "पुढचा ब्रेक दाबताना आवाज, सेल्फ सकाळी लागत नाही, ऑइल बदल" असं लक्षणांच्या भाषेत लिहायला लावा. "बेल्ट बदला" असा निदान करणारा शब्द तुम्ही स्वतः देऊ नका, नाहीतर तो बदलला जातो. मग हा मजकूर:

"अंदाजे खर्च करांसह १,१०० रु. यापेक्षा १०० रु. जास्त होत असल्यास काम थांबवून फोन करावा. व्हॉट्सअ‍ॅपवर मंजुरी दिल्याशिवाय पार्ट बदलू नये. जुने पार्ट परत द्यावेत. अ‍ॅडिटिव्ह, फ्लश, कोटिंग, पॉलिश नको."

कार्डाचा फोटो, मीटरचा फोटो, पेट्रोलचा काटा, चारही बाजूंनी गाडी. गाडी तिथे असताना ओरखडा आला किंवा पार्ट हरवला तर करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे ठेवून घेणाऱ्याने सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यायची असते. "मालकाच्या जबाबदारीवर" या पाटीने ती जबाबदारी आपोआप संपत नाही.

ओळखीच्या मिस्त्रीकडे एवढं लिहीत बसणं अवघड वाटतं. तिथे वरचाच मजकूर दोन ओळींत व्हॉट्सअ‍ॅप करा: "दादा, अकराशेच्या वर जात असेल तर आधी फोन करा, जुने पार्ट ठेवा." चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही, त्याचेही पैसे अडकत नाहीत.

बोलून सुटलं नाही. तक्रार कुठे आणि कशी?

पायऱ्या चुकवू नका. आधी सर्व्हिस मॅनेजर, मग डीलरचा मालक, मग कंपनीचं कस्टमर केअर, सगळं ईमेलवर. गॅरेज असेल तर थेट मालकाला लेखी. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. इथे मराठीतही तक्रार घेतात आणि कंपनीकडे पाठवतात. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात. छोट्या गॅरेजवर हेल्पलाइनचा फारसा दाब पडत नाही, तिथे नोटीस लागते.

नोटीस वकिलाचीच हवी असं नाही. साध्या कागदावर गाडी नंबर, जॉब कार्डाची तारीख, सांगितलेला अंदाज, घेतलेली रक्कम, हरकतीच्या ओळी आणि परत हवी असलेली नेमकी रक्कम लिहा. १५ दिवसांची मुदत द्या. स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य आहे, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पुण्यात राहणाऱ्याने कोल्हापुरात दुरुस्ती करून घेतली तरी पुण्यात दाखल करता येईल. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ती ऑनलाइनही होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

सातशे रुपयांसाठी आयोगात जावं का, हा ज्याचा त्याचा निर्णय. निकालाला कायद्यात तीन महिने सांगितले असले तरी प्रत्यक्षात जास्त वेळ जातो. इंजिनचं काम, वॉरंटी नाकारणं, तीन-तीनदा तीच दुरुस्ती अशा हजारोंच्या प्रकरणात जरूर जा. लहान रकमेत नोटिशीपर्यंत जाणं बहुतेकदा पुरतं. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था कागद कसे लावायचे ते समजावून सांगतात.

गोव्यात भाड्याने घेतलेल्या स्कूटरच्या ओरखड्याचे चार हजार मागतायत.

गाडी घेताना चारही बाजूंचा, खालच्या बाजूचा आणि मीटरचा व्हिडिओ काढा आणि तो भाड्याने देणाऱ्यालाच लगेच पाठवा. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचा नंबर असलेली, म्हणजे भाड्यासाठी परवाना असलेलीच गाडी घ्या. खासगी पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतली तर अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते आणि सगळा खर्च तुमच्या गळ्यात पडतो. नुकसान झालंच असेल तर पैसे रोख देऊ नका. जवळच्या कंपनी सेंटरला त्या पॅनलची किंमत फोनवर विचारा, तेवढीच अधिक मजुरी द्या आणि "या नुकसानीपोटी पूर्ण रक्कम मिळाली" असं लिहून घेतल्यावरच लायसन्स आणि डिपॉझिट परत घ्या.